आयसीयूत माणूस गेल्यावर घरच्यांशी काय बोलावं? नर्स मंडळींनो, सांगा

रात्रपाळी

नमस्कार. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून सध्या नाशिकच्या एका खाजगी हॉस्पिटलच्या मेडिकल आयसीयूत आहे. इथे बऱ्याच सिस्टर आणि ब्रदर वाचतात असं दिसलं, म्हणून विचारते.

परवाच्या रात्रीचं सांगते. पन्नाशीतले काका, न्यूमोनिया, पुढे सेप्सिस म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर पसरलेला, व्हेंटिलेटरवर होते. पहाटे गेले. सीपीआर झाला, डॉक्टरांनी ईसीजीची सरळ पट्टी काढली, बाहेर येऊन दारातच घरच्यांना सांगितलं आणि दुसऱ्या बेडचं बीपी पडलं म्हणून परत आत पळाले. त्यांना दोष देत नाही, रात्री आरएमओ, म्हणजे ड्युटीचा डॉक्टर, एकटाच असतो. मग दारात मी, काकू आणि दोन मुलं, बसवायला एक खुर्चीही नाही. थोरला भिंतीला टेकत टेकत खालीच बसला. काकूंनी माझ्याकडे बघून विचारलं, "सिस्टर, जेवले होते का हो ते?"

मला एक शब्द सुचेना.

परीक्षेला दुःखाच्या पाच अवस्था पाठ केल्या होत्या, नकार, राग, सौदेबाजी वगैरे. त्या दारात त्यातलं काही उपयोगी पडलं नाही. इन्चार्ज म्हणतात, नातेवाइकांशी जास्त बोलू नको, बोललेलं अंगाशी येतं. एका परीनं खरंही आहे, मागे एकदा तीस-चाळीस जणांचा जमाव वर आला होता तेव्हा आम्ही स्टोअरला आतून कडी लावून बसलो होतो.

तर प्रश्न असे. अशा वेळी नर्सनं नेमकं काय बोलायचं? घरच्यांना आत कधी घ्यायचं, हात लावू द्यायचा का? आणि आपल्यालाच रडू आलं तर? पुस्तकातलं नको, तुम्ही काय करता ते सांगा.

कडुलिंब

मी नर्स नाही, दुसऱ्या बाजूचा आहे. वडील पुण्यात आयसीयूत गेले. डॉक्टर काय बोलले त्यातलं आज एक वाक्य आठवत नाही. सिस्टरनं काय केलं ते आठवतं.

आम्ही आत गेलो तेव्हा मॉनिटर चालूच होता. आई, बहीण, मी, तिघंही त्या रेषेकडे बघत उभे. मध्येच वायर हलली की रेष थरथरायची आणि आई म्हणायची, "अरे बघ, बघ." एक सिस्टर आल्या, मॉनिटर बंद केला, पडदा ओढला आणि आईला म्हणाल्या, "इकडे या, उशाशी." तेव्हा कुठे आम्ही बाबांकडे बघितलं.

दुसरं म्हणजे वस्तू. बाबांचं श्रवणयंत्र त्यांनी कापसात गुंडाळून डबीत घातलं होतं, बॅटरी काढून वेगळी. चष्मा पुसलेला. आता हे मुद्दाम सांगायचं कारण असं की पुढे सासूबाई दुसऱ्या एका हॉस्पिटलात गेल्या, तिथं त्यांचं सगळं सामान काळ्या कचऱ्याच्या पिशवीत भरून हातात दिलं. साडी, कवळी, जपमाळ, सगळं एकात एक. वर काउंटरवरून निरोप, बिल पूर्ण झाल्याशिवाय पार्थिव खाली नेता येणार नाही. त्या पिशवीचा राग बायकोच्या मनातून अजून गेलेला नाही, बिलाचा गेला.

सिस्टरबाई

रात्रपाळी, मी मिरज-सांगलीकडची. सरकारी दवाखान्यात तीसेक वर्षं काढली, शेवटची काही मेडिसिन वॉर्डची इन्चार्ज म्हणून. आता घरी आहे, वेळ आहे, म्हणून लांब लिहिते. कंटाळलीस तर सोडून दे.

आधी त्या जेवणाच्या प्रश्नाचं बघू. काकूंना द्यायला उत्तर होतं की गं तुझ्याकडे. चार्ट तुझ्याच हातचा. राइल्स ट्यूबनं, नाकातून पोटात जाते त्या नळीनं, रात्री आठला फीड दिलं असेल तर तेच सांगायचं, "हो काकू, आठ वाजता नळीतून दिलं होतं, परत आलं नाही." फीड बंद असेल तर, "पोटात काही देता येत नव्हतं, पण सलाईन चालू होतं. झोपेच्या औषधावर होते, भूक कळत नव्हती त्यांना." जन्मभर त्या माणसाचं ताट वाढलेली बाई दुसरं काय विचारणार? तिला धीराचे शब्द नकोत, आठ वाजता काय झालं ते हवंय.

आयसीयूत भेटायला घरच्यांना किती वेळ मिळतो? सकाळ-संध्याकाळ दहा-पंधरा मिनिटं. बाकी सगळा वेळ त्यांचा माणूस तुमच्याजवळ. शेवटचे तास त्यांच्याकडे नाहीतच, ते तुझ्याकडे आहेत. कोण जवळ होतं, दुखत होतं का, कोणाचं नाव घेतलं का, पाणी मागितलं का. विचारतील तेवढं दे. आणि खोटं घालू नकोस त्यात. छाती दाबताना बरगडी मोडली असेल तर "अगदी शांतपणे गेले" म्हणायचं नाही, कारण आंघोळ घालताना घरच्यांना छाती दिसते. "हृदय थांबलं तेव्हा छाती दाबावी लागली, त्या वेळी शुद्ध नव्हती," एवढं खरं आणि पुरेसं आहे.

मृत्यू जाहीर करायचं काम डॉक्टरचं, ते आपण करायचं नाही. पण डॉक्टर बाहेर निघाला की त्याच्यामागं जायचं. मी नव्या हाउसमनला, म्हणजे शिकाऊ डॉक्टरला, सांगून ठेवायची, "मला घेतल्याशिवाय बाहेर जायचं नाही." कारण ही पोरं घाबरलेली असतात आणि घाबरली की इंग्रजी बोलतात. एकानं ऊसतोडीच्या मजुराच्या भावाला सांगितलं, "सॅच्युरेशन झीरो झालंय." भाऊ म्हणाला, "मग आता वाढंल का?" तिथं मी मध्ये पडले. त्याचा हात धरला आणि म्हटलं, "दादा, तुमचा भाऊ गेला." कठोर वाटतं, पण अर्धवट बोललं की माणूस आशेवर लटकतो आणि नंतर म्हणतो की आम्हाला नीट सांगितलंच नाही. भांडणं बहुतेक तिथून सुरू होतात.

सांगण्याआधी बसवायचं. तुमच्याकडे खुर्ची नाही म्हणतेस, ड्युटी रूममधली आण, स्टूल आण. सांगितल्यावर गप्प राहायचं आणि तिथंच राहायचं. ही सगळ्यात अवघड गोष्ट, नव्या मुलींना तोंड चालवावंसं वाटतं. मग निघतं, "रडू नका, धीर धरा", "देवाच्या मनात होतं", "मुलांकडे बघा आता", आणि सगळ्यात वाईट "सुटले बिचारे". घरचे स्वतः म्हणाले सुटले, तर मान हलव. आपण आधी म्हणायचं नाही. आमच्या वॉर्डात लिव्हर निकामी झालेल्या एका दारुड्याच्या बायकोला शेजारच्या बेडची म्हातारी असं म्हणाली. त्या बाईनं जो हंबरडा फोडला! मार खाल्लेली बाई होती, पण तिचा नवरा होता तो.

आत कधी घ्यायचं विचारतेस. आधी पंधरा मिनिटं मागून घ्यायची. "मी त्यांना जरा नीट करते, मग तुम्हाला आत नेते." हे वाक्य पाठ कर. मॉनिटर बंद. एमएलसी, म्हणजे पोलिसांकडे जाणारी केस, नसेल तर डॉक्टरला विचारून नळ्या, कॅथेटर, लाइन काढायच्या, जिथून रक्त झिरपतं तिथं पट्टी दाबून लावायची. रक्ताची चादर बदलायची. डोळे मिटायचे. कवळी असेल तर लगेच बसवायची. दोन-तीन तासांत जबडा ताठ व्हायला लागतो, मग बसत नाही आणि चेहरा अनोळखी दिसतो. केस विंचरायचे. हात चादरीच्या बाहेर ठेवायचा, म्हणजे धरता येतो. अंगठे आणि जबडा बांधायचा तो घरच्यांनी एकदा बघून झाल्यावर. आत नेताना दारातच सांगायचं: हात गार लागेल, चेहरा सुजलाय, ओठाला नळीचा वळ आहे. आधी सांगितलं की दचकत नाहीत. हात लावू दे, मिठी मारू दे. आणि त्यांच्यासमोर त्याच्या अंगावरून बोलायची वेळ आली तर नावानं बोल, "पाटीलकाकांना जरा कुशीवर घेऊ या." वॉर्डातल्या मामा-मावशींनाही (वॉर्डबॉय, आया) ती सवय लाव.

तुळशीपत्र, गंगाजल हा वेगळाच विषय. माणूस जायच्या आधी घरचे ते मागतात, आणि आपण म्हणतो तोंडात पाणी गेलं की फुप्फुसात जाईल. दोन्ही बरोबर. मी कापसाचा बोळा त्यांच्याकडच्या पाण्यात बुडवून द्यायची, ओठाला लावा म्हणायची. गंगाजल, जमजम, काही असो, तेवढ्यानं कुणाचं काही बिघडलं नाही. वॉर्डच्या गॅलरीत मी तुळशीची कुंडी ठेवली होती. इन्फेक्शन कंट्रोलवाल्यांनी एकदा काढायला लावली, मग मी ती जिन्यात नेली. कुणाचं काय करायचं हे तुला माहीत असायलाच हवं असं नाही. "तुमच्यात काय करतात?" एवढं विचार. मुसलमान कुटुंब असेल तर दफन शक्यतो लवकर करायचं असतं, त्यांचे कागद आधी पुढे सरकव. ख्रिस्ती घर असेल तर पाद्रींना बोलवायचं का ते जाण्याआधी विचार, नंतर उशीर होतो. आमच्याकडे बौद्ध मंडळी बेडभोवती उभी राहून त्रिशरण-पंचशील म्हणायची, मी शेजारच्या दोन बेडचे पडदे ओढून घ्यायची आणि पाच मिनिटं सक्शन मशीन थांबवता येतंय का बघायची.

बांगड्यांचं सांगते. सून, जाऊ, आत्या जमल्या की वॉर्डातच त्या बाईच्या बांगड्या फोडायला घेतात. काच जमिनीवर, मनगटातून रक्त. मी सरळ हात मध्ये घालायची, "हा दवाखाना आहे, काच चालत नाही." कारण स्वच्छतेचं, पण थांबवायला पुरायचं. मे २०२२ मध्ये आमच्या शेजारच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि पुढे सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगितलं, तेव्हापासून निदान बोलायला आधार झाला. पण त्या बाईला स्वतःला बांगड्या उतरवायच्या असतील तर साबणाचं पाणी आणून दे. तिचा निर्णय तिला घेऊ दे, आत्याला नको.

दागिने उतरवायचे तर दोघींनी मिळून, यादी करून, दोन साक्षीदारांच्या सह्या. यादीत आपण "पिवळ्या धातूचे मणी" लिहितो, सोनं लिहीत नाही, कारण खरं-खोटं आपल्याला पारखता येत नाही, हे सही घेताना सांग. नाहीतर एक मुलगी माझ्यावर उखडली होती, "माझ्या आईचं मंगळसूत्र खोटं होतं का?"

आता कागद. हे लोक कमी धरतात, मी जास्त धरते. ऊसतोडीवाल्या त्या भावाला पार्थिव बीडकडच्या गावी न्यायचं होतं, तीनशे किलोमीटरच्या आसपास. दाखला गावच्या ग्रामपंचायतीत मिळेल अशा समजुतीत होता. मृत्यू जिथं झाला तिथल्याच नोंदणी कार्यालयात नोंद होते आणि दाखला तिथूनच मिळतो. दवाखाना कळवतो, नोंदीची मुदत २१ दिवस. मृत्यूच्या कारणाचा फॉर्म ४ डॉक्टर भरतो, पण नाव, वय, पत्ता आपण सांगतो तोच जातो. तेव्हा आधार कार्ड मागून अक्षर न् अक्षर जुळवायचं. "बाळू" आणि "बाळासाहेब" एवढ्या फरकावर बायकोची पेन्शन, विमा, बँकेचं खातं अडतं आणि दुरुस्तीला त्या माणसाला परत तीनशे किलोमीटर यावं लागतं. दाखल्याच्या जास्तीच्या प्रती घ्या म्हणून सांग. मी हे चिठ्ठीवर लिहून द्यायची, कारण त्या वेळी ऐकलेलं डोक्यात राहत नाही. कुठल्या खिडकीवर जायचं, किती वाजता उघडते, काय घेऊन जायचं. चिठ्ठी धाकट्या जावयाच्या किंवा शेजाऱ्याच्या हातात, बायकोच्या नाही.

जमावाचं म्हणशील तर तीस माणसांशी बोलायचंच नाही. त्यातला एक पांढऱ्या केसांचा शोधायचा, त्याला आत आणून खुर्ची द्यायची आणि सगळं त्याला सांगायचं. तो बाहेर जाऊन सांगतो, लोक त्याचं ऐकतात. २०१० चा दवाखान्यातल्या हल्ल्यांविरुद्धचा कायदा आपल्या बाजूनं आहे, पण कायदा यायला पोलीस यावे लागतात, म्हातारा तिथंच असतो. तुझ्या इन्चार्जचं एक मात्र खरं: कुठलं औषध उशिरा मिळालं, कोणाचं काय चुकलं, असल्या चर्चेत पडू नकोस. "हे डॉक्टरच सांगतील, मी त्यांना बोलावते" म्हण, आणि खरंच बोलव.

रडू आलं तर येऊ दे. फक्त काकूंवर तुझे डोळे पुसायची वेळ येऊ नये, एवढं.

कॅज्युअल्टीवाला

मुंबईत कॅज्युअल्टीला, म्हणजे अपघात विभागात, ब्रदर आहे. सिस्टरबाई, वाचून हात जोडले. पण ताई, आमच्याकडे पंधरा मिनिटं मागायची सोय नाही. एक बेड रिकामा होईपर्यंत ट्रॉलीवर पुढचा वाट बघत असतो. आयसीयूत व्हेंटिलेटरच्या पेशंटला एक नर्स हे कागदावर, खरं रात्रपाळीवालीला विचारा.

आणि आमचे बरेचसे मृत्यू एमएलसी. रेल्वे, बाइक, जळीत, विष. तिथं सिस्टरबाई म्हणतात ते "नीट करणं" करताच येत नाही. नळी, लाइन, जशी आहे तशी ठेवावी लागते, पोस्टमॉर्टेम करणाऱ्याला ती दिसायला हवी. अंग पुसायचं नाही. कपडे पुरावा, ते पोलिसांकडे जातात. मग आई येते आणि म्हणते, "तोंडातली नळी तरी काढा हो." तेव्हा मी सांगतो, "काढायला मला परवानगी नाही. पण तुम्ही या बाजूनं या, इथून चेहरा दिसतो." चादर गळ्यापर्यंत नीट घेतो, कपाळ उघडं ठेवतो. कपाळावर हात ठेवता येतो.

लोक सगळ्यात जास्त चिडतात ते "कधी मिळणार" याला नेमकं उत्तर मिळत नाही म्हणून. क्रम सांगितला की निम्मा राग उतरतो. आधी इथून पोलीस चौकीला कळवतो. हद्द दुसऱ्या ठाण्याची असेल तर तिथले हवालदार येणार. ओळख पटवायला जवळच्या कोणीतरी लागेल. पंचनामा, मग पोस्टमॉर्टेम, मग ताबा पोलिसांमार्फत. संध्याकाळनंतर आलात तर बहुतेक ठिकाणी सकाळ उजाडते. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्रानं सोयी असलेल्या दवाखान्यांना सूर्यास्तानंतरही पोस्टमॉर्टेमची मुभा दिली, पण खून, आत्महत्या, संशयास्पद असे मृत्यू त्यातून साधारणपणे वगळलेत. म्हणून "आज रात्रीत करून देतो" असं मी कुणाला म्हणत नाही. "एक जण इथं थांबा, बाकीच्यांनी घरी जाऊन खाऊन या" असं म्हणतो.

एका बाबतीत मी ठाम आहे. फोनवर मृत्यू सांगायचा नाही. खिशातला मोबाइल वाजतो, स्क्रीनवर "मम्मी". आमच्याकडे तो हवालदारच उचलतो, आणि आम्ही त्याला सांगून ठेवलंय, "अपघात झालाय, सोबत कोणाला तरी घेऊन या" एवढंच बोल. बाई एकटी लोकलच्या डब्यात असताना हे ऐकेल तर?

सिस्टरबाई

कॅज्युअल्टीवाला, लोकलपुरतं मान्य. पण आमच्याकडे मुलगा सुरतेला नाहीतर बंगळुरूला असायचा. "सिरीयस आहे, या" म्हटलं की तो रात्रभर बसमध्ये देवाला नवस बोलत येतो, आणि दवाखान्यात पोचल्यावर कळतं की निघायच्या आधीच सगळं संपलं होतं. मग विचारतो, खोटं का बोललात? तो सरळ विचारत असेल, "आहेत का नाहीत?" तर मी सांगायची. आधी दोन प्रश्न: गाडी चालवताय का, आणि शेजारी कोण आहे. शेजारच्याच्या हातात फोन द्यायला लावायची. त्यानं विचारलं नाही तर मीही सांगायची नाही. आता यावर आपलं जमणार नाही, राहू दे.

पंधरा मिनिटांचं म्हणशील तर तू कपाळाचं जे सांगितलंस त्याला किती वेळ लागला?

लेबररूम

कोणी बाळांचं बोललं नाही म्हणून लिहिते. मी प्रसूती कक्षात आहे. बाळ पोटातच गेलेलं असतं किंवा जन्मून काही तासांत जातं.

आमच्याकडे होतं काय की आई भुलीतून उठायच्या आत सासरचे बाळ घेऊन जातात. पुरूनही येतात. "तिला दाखवू नका, वेडी होईल" हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल. आता मी घरच्यांना म्हणते, थोडं थांबा, तिला विचारू दे. आणि तिला विचारते तेव्हा सासूला बाहेर चहाला पाठवते. पहिल्यांदा बहुतेक जणी नको म्हणतात. तासाभरानं पुन्हा विचारते. बघायचंच असा आग्रह मात्र धरत नाही, काहींना खरंच नको असतं. हो म्हणाली तर बाळ पुसून, टोपी घालून, मऊ कपड्यात गुंडाळून देते. आधी सांगते की त्वचा सोललेली आहे, ओठ काळपट आहेत. आया आधी बोटं मोजतात. मुलगा की मुलगी हे मोघम न ठेवता सांगते, वजन सांगते. अंगठ्यासाठी जे शाईचं पॅड असतं त्यावर पाऊल टेकवून एका कागदाला ठसा घेते. घेऊन जायचा तर जा, नाहीतर फाइलला राहील, कधीही माग.

दुधाचं कोणी सांगतच नाही! बाळ गेलं तरी दोन-चार दिवसांत दूध उतरतं. घरी गेल्यावर बाईचा ब्लाउज भिजतो आणि तिला कोणीच सांगितलेलं नसतं की असं होणार. तेव्हा डिस्चार्जच्या आधी सांगायचं. घट्ट आधार देणारे कपडे, गार पट्ट्या, पिळून काढायचं नाही, फारच दाटलं तर आराम पडेल इतकंच. बंद करायची गोळी असते, ती डॉक्टर बीपी वगैरे बघून देतात, ते डॉक्टरला आठवण करून द्यायचं आपलं काम. एखादी स्वतःहून विचारते की हे दुसऱ्या बाळाला देता येईल का. मुंबईत सायनला १९८९ पासून दूधपेढी आहे, आता इतर शहरांतही आहेत, तेव्हा तिला हो म्हणता येतं. आपण होऊन सुचवू नका.

तिचा बेड बाळंतिणींच्या रांगेत ठेवू नका. जागा नसेल तर निदान भिंतीकडचा द्या. आणि नोकरी करणारी असेल तर कानावर घाला की १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात "मूल" म्हणताना मृत जन्मलेलं मूलही धरलेलं आहे. पुष्कळ जणी आठवड्यात कामावर हजर होतात, त्यांना वाटतं बाळच नाही तर रजा कसली.

"तरुण आहेस, पुढच्या वर्षी होईल." हे डॉक्टर, मावशी, सासू, सगळे म्हणतात. आपण निदान म्हणू नये.

रात्रपाळी

सगळ्यांचे खूप आभार. सिस्टरबाई, तुमची पोस्ट आमच्या ग्रुपवर टाकली, इन्चार्जनी वाचली. काही बोलल्या नाहीत, पण "चिठ्ठीचा नमुना करून ठेव" म्हणाल्या. आमच्या इथल्या महापालिकेच्या नोंदणी खिडकीच्या वेळा उद्या विचारून येते.

कडुलिंब, बिलाचं मी आमच्या बिलिंगला विचारलं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत पार्थिव मिळण्याचा हक्क स्पष्ट लिहिलाय, बिलावरून अडवता येत नाही. सनद आमच्याही भिंतीवर लावलीय, लिफ्टच्या मागे, कुणाला दिसत नाही अशा जागी.

एकच राहिलं. नेत्रदानाचं कधी विचारायचं? सहा तासांच्या आत म्हणतात, पण रडणाऱ्या माणसाला कसं विचारू?

सिस्टरबाई

पहिल्या रडण्यात नको. घरच्यांनी एकदा आत जाऊन बघितलं, बाहेर आले, कोणीतरी "आता गाडीचं बघा" म्हणालं की तेव्हा. ती वेळ आपोआप येते. चहा झालेल्या माणसाला विचार, शक्यतो मुलगा किंवा जावई, पण संमती जवळच्या वारसाचीच लागते. "त्यांनी कधी नेत्रदानाचं बोलून दाखवलं होतं का?" अशी सुरुवात कर. नाही म्हणाले तर विषय तिथंच संपव, पुन्हा काढू नकोस.

हो-नाही ठरेपर्यंत पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेव, डोक्याखाली उशी, वरचा पंखा बंद. लोक म्हणतात, चष्मा होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, साखर होती, चालेल का? चालतं. चेहरा विद्रूप होईल का विचारतात. होत नाही, पंधरा-वीस मिनिटांचं काम असतं आणि पापण्या नीट मिटलेल्या दिसतात.

पण विचारायच्या आधी फाइल बघ. एचआयव्ही, कावीळ बी-सी, रेबीज, आणि तुझ्या त्या काकांसारखं सेप्सिस असेल तर विचारूच नकोस. घरचे मन घट्ट करून हो म्हणतात आणि नेत्रपेढीची माणसं येऊन नाही म्हणतात, ते फार लागतं. नेत्रपेढीचा नंबर ड्युटी रूमच्या फोनशेजारी लावलाय का ते आज बघून ठेव. आणि जुना असेल तर एकदा फिरवून बघ, आमच्याकडचा वर्षभर एका मिठाईवाल्याकडे लागत होता.